आबांच्या गाडीचा आवाज

पौडच्या एसटी स्टँडसमोर शिलाईचं दुकान चालवणारे एक सत्तरीचे गृहस्थ आहेत. आमच्या घरमालकांनी एकदा त्यांना भर दुपारी, चार लोकांसमोर, तोंडानं पिकअप गाडीचा आवाज काढायला लावला. ते आधी लाजले. मग त्यांनी टोपी काढून मशीनवर ठेवली, डोळे मिटले आणि सुरू केलं, "घुर्रर्र... धप्. घुर्रर्र... धप्." बाहेर एसटीची वाट बघणारी माणसं दारात येऊन उभी राहिली. मी मोबाइलवर तो आवाज रेकॉर्ड करत होतो. मालक मान खाली घालून, प्रवचन ऐकावं तसे ऐकत होते. आवाज थांबल्यावर म्हणाले, "आजून एकदा काडा. धपच्या आदी जरा थांबत हुती का वो?"

गर्दीतलं कुणी तरी म्हणालं, "डोक्यावर परिणाम झालाय." मालकांनी वळून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तुमाला येतो का काडता?"

मी या मालकांकडे साडेचार वर्षं भाड्यानं राहिलो. घोटावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडी आत, त्यांची तीन मजली इमारत होती. खाली ते, त्यांची बायको आणि त्यांचे आई-वडील. वर आम्ही भाडेकरू, सगळे हिंजवडीत नोकरी करणारे आणि सगळे बाहेरगावचे. मालकांनी आमची नावं कधी पाठ केली नाहीत. ते आम्हाला जिल्ह्यानं हाक मारत. "ए लातूर, टाकी भरली, मोटर बंद कर." "बुलढाणा, तुजी गाडी दारातनं काड." मी जालना. नंतर लातूरचाच आणखी एक जण आला, तेव्हा एक मोठा लातूर झाला आणि एक धाकटा लातूर.

खोली देताना ते कंपनी विचारत नसत, पगार विचारत नसत. एकच प्रश्न विचारत, "बाप काय करतो?" मला हा प्रश्न कॉलेजपासून नको वाटायचा. मी ठरलेलं उत्तर दिलं, "मार्केट यार्डात असतात."

"यार्डात म्हंजी काय करत्यात? आडत हाय?"

"नाही. हमाली करतात. पोती उचलतात."

"मंग तसं सांग की! पोती उचलणाऱ्याचं पोरगं हिंजवडीला कंपनीत लागलं, ह्ये सांगायचं सोडून यार्ड-बिर्ड काय सांगतोस?" आणि त्यांनी मला सगळ्यात वरची, दोन खिडक्यांची खोली दिली. पुढे ते कुणाशीही माझी ओळख करून देताना हेच सांगायचे. दूधवाला असो, तलाठी असो, की त्यांच्याकडे जमीन बघायला आलेला बिल्डर असो. "ह्यो जालना. ह्याच्या बापानं पोती उचलून ह्याला इंजिनेर केला." पहिल्या वेळी मला जमिनीत जावंसं वाटलं. वर्षभरानं असं झालं, की ते सांगायला विसरले तर मी वाट बघत उभा राहायचो.

त्यांना असं बोलायचा हक्क कुठून आला होता, ते मला पुढे कळलं.

मालकांचे वडील, सगळ्या गावाचे आबा, जन्मभर एक पिकअप चालवत होते. सकाळी घरून निघायचं, पौडला किराणा, पेंड, खताची पोती चढवायची आणि मुळशी धरणाच्या काठानं, चढ चढून वरच्या वाड्यांवर पोचवायची. येताना तिकडचा तांदूळ, कोंबड्या, लग्नाची भांडी, माणसं. पोराचा ताप उतरत नसेल तर पोर आणि आई दोघांना केबिनमध्ये बसवून थेट पौडच्या दवाखान्यात. वरच्या वाड्यांवर कुणी घड्याळ बघत नसे. आबांच्या गाडीचा आवाज आला, की माणसं पोती घेऊन रस्त्याला यायची.

मालकांनी पुढे काही जमीन विकली, इमारत बांधली, पांढरी मोठी गाडी घेतली. आबांचा पिकअप मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला. कोंबड्या त्याच्या हौद्यात अंडी घालायच्या. आबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्या ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायचे आणि कप रिकामा झाला की उतरायचे. मालक त्यांना म्हणायचे, "आबा, लोकं हसत्यात. भंगारवाल्याला देऊन टाकू." दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा कप घेऊन सीटवर. पांढऱ्या गाडीत ते एकदाच बसले, शेवटचे दवाखान्यात जाताना.

दहाव्याला आम्ही सगळे भाडेकरू नदीवरच्या घाटावर गेलो होतो. आमच्याकडेही दहावा होतो, पण इथला दहावा मी पहिल्यांदाच बघत होतो. मंडप, माइक, प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. ते सगळं आटोपलं आणि पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण खाली येईनात. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, म्हणून एकेक जण पुढे होऊन हात जोडून शब्द देऊ लागला. जावई म्हणाले, "सासूबाईंना सांभाळू." चुलते म्हणाले, "बांधाचं भांडण मिटवतो." सरपंचांनी शाळेला पंखे द्यायचं कबूल केलं. कावळे हलले नाहीत. अर्धा तास गेला, गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा मालक उठले. त्यांनी भंगारवाल्याला दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी यायला सांगितलेलं होतं, हे मला माहीत होतं, कारण फोन मीच लावून दिला होता. ते पिंडासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, गाडी भंगारात देत न्हाई. वर्षाच्या आत रस्त्याला लावतो. तुमी चालवायचात तशी."

कावळा खाली आला.

परत येताना मी त्यांना विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं, कावळा त्यासाठी आला?"

"आरं, साडेअकरा वाजलं हुतं. त्याला बी भूक लागली आसंल," मालक म्हणाले. "पर मी बोलायला आन् त्यो यायला. आता कावळ्याचं कावळा बघंल. माजं मी बोललोय ना?"

हे त्यांचं नेहमीचं होतं. देवधर्मावर त्यांचा फार भरवसा नव्हता, पण स्वतःच्या तोंडून गेलेल्या शब्दाला ते भलतेच भीत. त्याच दिवशी त्यांनी आणखी एक ठरवलं, की आबांची गाडी चालू होईपर्यंत दुसऱ्या कुठल्या चारचाकीत बसायचं नाही. पांढऱ्या गाडीवर कव्हर चढलं. मालक पांढरेशुभ्र कपडे घालून फाट्यावर लाल एसटीची वाट बघत उभे राहू लागले. मोठ्या लातूरनं एकदा खोडी काढली, "मालक, एसटी कशी चालते मग तुम्हाला?"

"यष्टीला सहा चाकं हायेत. मोजून ये."

कामाला सुरुवात झाली. पिरंगुटचा एक मिस्त्री ठरला. मालकांना वाहनातलं काही कळत नव्हतं, पण ते रोज गॅरेजला जाऊन बसत आणि खोललेला प्रत्येक भाग हातात घेऊन "ह्ये काय करतं?" असं विचारत. दोन महिन्यांनी ते स्वतःच गाडीखाली पाठीवर झोपलेले दिसायला लागले. इंजिन उतरलं, परत चढलं. गळका रेडिएटर काढून नवा बसवला. हौद्याचा सडलेला पत्रा बदलला. रंग आधी होता तोच, फिकट निळा. मागच्या फाळक्यावर आबांनी जे लिहून घेतलं होतं, "सावकाश, पण येतो", तेही पेंटरकडून पुन्हा जसंच्या तसं काढून घेतलं. त्या 'सावकाश'मधला 'व' जरा वाकडा होता. पेंटरनं तो सरळ केला. मालकांनी पुसून परत वाकडा करायला लावला.

एकदा मी त्यांच्यासोबत गॅरेजमध्ये बसलो होतो. हात ग्रीसनं काळे, कपाळावरही एक पट्टा. स्वतःशीच बोलावं तसं ते म्हणाले, "शाळेत आस्ताना आबा गाडी घिऊन दारात याचं, तवा मी मागच्या गेटनं पळायचो. पोरं म्हणायची, टेम्पोवाल्याचा आलाय. आन् पुढं, पैसं आल्यावर मी स्वतःच त्या पोरांवानी बोलाया लागलो." नंतर बराच वेळ ते एक नट पुसत बसले. "म्हणून तुला त्या दिशी बोललो, जालना. यार्ड-बिर्ड सांगू नगं म्हणून."

वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले असताना गाडी तयार झाली. पासिंगला आरटीओच्या साहेबांनी दोनदा चक्कर मारली आणि म्हणाले, "जुनी गाडी, पण काय स्मूथ चालते हो!" मिस्त्री फुलून गेला. मालकांनी सगळ्यांना पेढे वाटले.

रविवारी आम्ही दोघं आबांच्या रस्त्यानं निघालो. मालक आबांसारखे तिसाच्या वर जात नव्हते. पौडच्या चौकात त्यांनी गाडी हळू केली. शिलाईवाले काका मशीनवर वाकलेले होते, त्यांनी वर बघितलंही नाही. धरणाच्या काठानं गेलो. पहिली वाडी आली, कुणी दारात आलं नाही. दुसरी वाडी आली आणि गेली. तिसऱ्या वाडीच्या फाट्यावर एक म्हातारी बाई गवताचा भारा घेऊन उभी होती. आबा तिचा तांदूळ वर्षानुवर्षं पौडला आणत. गाडी तिच्या पुढ्यात उभी राहिली तेव्हा ती भारा घेऊन बाजूला सरकली, आम्हाला वाट द्यायला. मालकांनी खिडकीतून डोकं काढलं, "मावशी, म्या हाय. आबांची गाडी हाय ही."

बाईंनी गाडीला वरपासून खालपर्यंत निरखलं. "व्हय? मला कायच आईकू आलं न्हाई बग."

 घरी आल्यावर मालकांनी गाडी बंद केली आणि स्टेअरिंग धरून बसून राहिले. "गाडी झाली," ते म्हणाले, "पर आबांची न्हाई झाली. आबांची गाडी आदी आईकू यायची, मंग दिसायची. मी काय बोललो हुतो? तुमी चालवायचात तशी. ही तशी न्हाई."

आणि तिथून ते आवाजाचं खूळ सुरू झालं.

गाडीचा जुना आवाज कुठेही रेकॉर्ड केलेला नव्हता. गाडीचा आवाज कोण कशाला रेकॉर्ड करून ठेवेल? मग मालक माणसांकडे जायला लागले. सुट्टीच्या दिवशी मी सोबत असायचो. चहावाला, पोस्टमन, वाड्यांवरच्या बाया, पौडचा औषधवाला. प्रत्येकाला एकच विनंती, "आबांची गाडी कशी वाजायची, तोंडानं काडून दावा." काही हसत, काही रागवत. पण गंमत अशी, की नाही येत असं एकानंही म्हटलं नाही. एक आजोबा आवाज काढता काढता मध्येच थांबले आणि डोळे पुसायला लागले.

प्रत्येक आवाज ऐकवून झाला की मिस्त्री काहीतरी सैल करायचा. सायलेन्सरचा पट्टा, दाराचं रबर, फाळक्याची साखळी. "मालक," तो शेवटी हात जोडून म्हणाला, "लोकं माज्याकडं आवाज बंद कराया येत्यात. चांगली गाडी बिगाड म्हणणारं गिऱ्हाईक तुमी पहिलंच."

मी माझ्या परीनं हातभार लावला. लॅपटॉपवर तक्ता केला. कोण, कुठं राहतं, आवाज कसा. एकोणीस जणांचे आवाज जमले आणि एकमेकांशी जुळेनात. पौडच्या लोकांची गाडी धप् धप् वाजायची. धरणाच्या वरच्या वाड्यांची डुबुक डुबुक. आमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांच्या मते ती खण् खण् करत यायची. तीन ठिकाणी तीन वेगळ्या गाड्या असाव्यात तसं. श्राद्धाला सहा दिवस उरले होते. मालकांनी जेवण कमी केलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून पुन्हा एकदा सगळी रेकॉर्डिंग ऐकत होतो. पलीकडे पायरीवर त्यांच्या आई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना आजी म्हणायचो. आबा गेल्यापासून त्या फार कमी बोलायच्या. चार-पाच आवाज झाल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काय रं ह्ये? सांजच्याला कुणाची म्हस वरडतीया?"

"म्हस न्हाई आये. आबांची गाडी हाय. लोकांकडनं आवाज काडून आणल्यात. पर येकाचा येकाला मेळ न्हाई."

"लाव बरं परत."

मी पुन्हा लावले. शिलाईवाल्या काकांचा ऐकून त्यांनी मान हलवली. वाडीतल्या बाईंचा ऐकून हलवली. शेजाऱ्यांचा ऐकून हसल्या. मी त्यांना त्या वर्षात पहिल्यांदा हसताना बघितलं.

"समदी बराबर हायेत."

"समदी कशी बराबर आसतील, आये?"

"आरं, डबा हुता त्यो! रेडेटर गळायचा न्हवं का. मी रोज सकाळी त्येलाचा पंधरा किलोचा डबा पाण्यानं भरून क्याबिनच्या मागं हुकाला अडकवायची. भरल्याला आसंल तवर पत्र्यावर धप् धप् आपटायचा. चडावर त्यातलं पाणी वतायचं, मंग निम्मा व्हायचा, डुबुक डुबुक. घरी येस्तवर रिकामा. मंग खण् खण्."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात एक गंजका हूक होता. निरुपयोगी म्हणून तो कापून टाकायला त्यांनीच सांगितलं होतं. दोन आठवडे मिस्त्री ज्या आवाजासाठी गाडीचा एकेक भाग सैल करत होता, तो गाडीतून येतच नव्हता.

आजी पुढे बोलत होत्या, आता आमच्याकडे न बघता. "मला हितं बसून समदं कळायचं. डबा खण् खण् वाजत आला तर चड चडून आल्यात, दमल्यात. मंग च्या आदी, बोलणं मागनं. धप् धप् वाजत आला तर डबा भरल्यालाच, पौडावरनंच माघारी आल्यात, गाडीला भाडं न्हाई भेटलं. मंग त्या दिशी काय मागायचं न्हाई."

"आये," मालक म्हणाले, "आगं, मंग तू बोलली का न्हाईस? समद्या मुळशीला इचारत फिरतोय मी!"

"समद्या मुळशीला इचारलंस," आजी म्हणाल्या. "मला कवा इचारलंस?"

 एकोणीस जणांच्या माझ्या तक्त्यात या घरातलं एकही नाव नव्हतं, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. मालक उठले, आईच्या पायरीच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "आता इचारतो. सांग." मी लॅपटॉप बंद करून वर खोलीत गेलो. खिडकीतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. त्या दिवशी तांदूळ निवडायचे राहिले. आणि मी बऱ्याच दिवसांनी घरी फोन केला. आईनं उचलला. एरवी मी वडिलांना द्यायला सांगतो. त्या दिवशी आईशीच बोलत बसलो.

डबा घरातच होता. आजी त्यात कोंबड्यांची कणी ठेवत. मिस्त्रीनं नवा हूक बसवला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "येवड्यासाटी मी सायलेन्सर दोनदा उतरवला राव."

श्राद्धाच्या दिवशी मी सुट्टी काढली. आजींनी स्वतः डबा घासला, पाण्यानं भरला आणि दोन्ही हातांनी उचलून हुकाला अडकवला. मालक मदतीला आले तर त्यांना कोपरानं बाजूला सारलं. वाड्यांवरच्या लोकांना जेवायला आणायला गाडी निघाली. धप्. धप्. वळणापर्यंत ऐकू आली. आजी वळणाकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत ऐकत होत्या.

पुढचं मला गाडीतून आलेल्या माणसांनी सांगितलं. पौडला शिलाईवाले काका गळ्यात टेप घेऊन रस्त्यावर आले आणि तसेच गाडीत चढले. तिसऱ्या वाडीच्या बाई तर आवाज ऐकून तांदळाची अर्धी गोणी डोक्यावर घेऊन फाट्यावर आल्या. गाडीत मालकांना बघून त्या म्हणाल्या, "आबा न्हाईत, म्हाईत हाय मला. पर पाय थांबलं न्हाईत." गोणी त्यांनी परत नेली नाही, श्राद्धाच्या घरी चालेल म्हणाल्या. पुढच्या चढावर मालकांनी गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडलं. नवा रेडिएटर, गरम होण्याचा प्रश्नच नव्हता. मागून कुणी तरी ओरडलं, "आता कशाला थांबलास?" ते म्हणाले, "थांबायचं आस्तं हितं." डब्यातलं पाणी त्यांनी माणसांच्या हातापायांवर घातलं, उरलेलं रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळीला, आणि रिकामा डबा पुन्हा हुकाला लावला.

घरी गुरुजी खोळंबले होते. अंगणात पाहुणे बसले होते, आत पुऱ्या तळल्या जात होत्या. एक वाजून गेला असेल. आधी कुत्र्यांनी कान टवकारले, मग मला ऐकू आलं. लांबून, वळणाच्या पलीकडून, खण्... खण्... खण्. पोरं पळाली, पाहुणे उठून रस्त्याकडे गेले. मीही गेलो असतो, पण आजी उठल्या आणि सगळे जात होते त्याच्या उलट दिशेला, स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, त्यांना कळलं नसेल. मी मागे गेलो.

"आजी, गाडी आली."

त्यांनी गॅसवरची पुऱ्यांची कढई उतरवून बाजूला ठेवायला लावली होती. भटारी कुरकुरत होता. त्या जागी एक लहान पातेलं चढवून त्या साखरेचा डबा शोधत होत्या.

"आईकलं मी," त्या म्हणाल्या. "चड चडून आलंय पोरगं. दमलं आसंल. आलं कुटं ठिवलंय बग रं, च्या टाकते."